तूबाशी तोंडदेखलं बोलू नये

शनिवारी सकाळी तूबा कामावर आली आणि हाजी नस्रुल्लांच्या मिठाईच्या कारखान्यात सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

तिनं काळी चादोर खुंटीला अडकवली, पांढरा एप्रन बांधला, कानांवर लोकरी टोपी ओढून त्यावर रुमाल गुंडाळला आणि भिंतीकडे तोंड करून असलेल्या आपल्या टेबलापाशी गेली. टेबलावर साखरेची पोती रचलेली होती.

"सलाम," तूबा म्हणाली. तिचा आवाज मुळातच मोठा. "माझ्या टेबलावर पोती कुणी ठेवली?"

कोत्ताब पिठीसाखरेत घोळवणाऱ्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मुकादमीण एस्मत खानुम आ वासून उभी होती. कारखाना आणि पुढचं दुकान यांच्या मधल्या काचेच्या खोलीत बसलेल्या हाजींनी तिला पाहिलं, पटकन पाठ फिरवली आणि फोन कानाला लावला. तो फोन वाजला नव्हता हे सगळ्यांना दिसत होतं.

"कुणी मेलंय का?" तूबानं विचारलं.

कुणी मेलं नव्हतं. झालं होतं इतकंच, की आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी हाजींनी तूबाला नोकरीवरून काढून टाकलं होतं. हे कारखान्यात झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तूबाला ठाऊक नव्हतं.

ती एकटीच पोती ओढायला लागली, तशा दोघी बाया धावल्या. "अहो तूबा खानुम, तुम्ही कशाला? आमचे हात काय मोडलेत? बसा तुम्ही, बसा." बघता बघता पोती हलली, टेबल पुसलं गेलं, खुर्चीसुद्धा कुणीतरी शोधून आणली. नोकरीवरून काढलेल्या बाईला तिची जागा झाडूनपुसून देणारी माणसं आमच्या यझ्द शहरातच सापडतील, आणि याचा अभिमान बाळगावा की लाज, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्याकडे तारूफ आईच्या दुधाबरोबर येतो. मनात असो वा नसो, गोड बोलायचं, देऊ करायचं. समोरच्यानं नको म्हणायचं. आपण पुन्हा आग्रह करायचा, त्यानं पुन्हा नको म्हणायचं, आणि दोघांनी एकमेकांचं मन राखून आपापल्या घरी जायचं. मुलं हे चालायला शिकावं तसं शिकतात. तूबा शिकली नाही.

सात-आठ वर्षांची असताना ती एकदा आईबरोबर शेजारच्या नुस्रत खानुमच्या दारात उभी होती. जेवायची वेळ. नुस्रत खानुम म्हणाली, "या ना आत, दोन घास खा, तुमचंच घर आहे." आई "नको नको, तुम्ही बसा" म्हणेपर्यंत तूबा चपला काढून आत गेली, दस्तरखानावर बसली आणि नुस्रत खानुमच्या नवऱ्यासाठी वाढून ठेवलेलं ताट तिनं चाटूनपुसून खाल्लं. आईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. घरी आल्यावर तूबाला मार बसला. कशासाठी, ते तिला कळलं नाही. बोलावलं म्हणून ती गेली होती.

आई बिचारी व्यवहारी. मारून उपयोग नाही हे लक्षात आल्यावर तिनं तूबाला एक नियम घालून दिला. "कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हण. दुसऱ्यांदाही नको म्हण. तिसऱ्यांदा दिलं तर ते मनापासून असतं, मग घे." तूबाला नियम फार आवडायचे. हा तर तिनं ताईत बांधावा तसा जपला, आणि बऱ्याच वेळा तो चाललाही.

लग्नाच्या गोष्टीत मात्र चालला नाही. स्थळ आलं होतं. मुलाची आई रीतीप्रमाणे म्हणाली, "आमचा मुलगा तुमच्या या चंद्राच्या तुकड्याच्या लायक कुठला!" तूबानं चहाचं तबक खाली ठेवलं आणि विचारलं, "मग दुसरा आहे का?" ती माणसं चहा न पिता उठली. त्यानंतर कुणी आलं नाही, आणि तूबालाही त्याचं फारसं काही वाटलं नाही. घरात नवीन माणूस म्हणजे नवीन आवाज, नवीन वास.

आई जायच्या आधी तिनं तूबाला हाजी नस्रुल्लांच्या कारखान्यात चिकटवून दिलं. काम खोक्यात मिठाई भरायचं. कामात तूबा काही जादूगार नव्हती, हे सांगून टाकतो, कारण अशा माणसांच्या गोष्टीत लोकांना लगेच काहीतरी अचाट हुन्नर हवं असतं. ती हळू होती. बाकीच्या बाया तिच्यापेक्षा झपाझप भरायच्या. पण बकलाव्याच्या चौकोनाचा कोपरा ती तुटू द्यायची नाही, गप्पा मारायची नाही आणि सणासुदीला दांडी मारायची नाही. पीठ मळायचं यंत्र सुरू झालं की तिला दातांतून कळ आल्यासारखं व्हायचं, म्हणून ती टोपी. दुपारी पाव, चीज आणि काकडी. दुसरं काही पुढे केलं की ती नियमानं दोनदा नको म्हणायची आणि तिसऱ्यांदा तोंड वाकडं करून खायची.

एस्मत खानुमशी तिचं जमायचं. एस्मत धिप्पाड बाई, तोंडानं फटकळ आणि मनानं लोण्याची. एकदा तूबा तिला सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या एप्रनची नाडी आता पुरत नाही. तू जाडी झालीस." एस्मत म्हणाली, "सटवे, तुझ्या जिभेला हाड नाही," आणि पोट धरून हसली. "तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते गं मी!" हे एस्मतचं रोजचं वाक्य. तूबाला ते फार आवडायचं.

तूबाची भाची पेगाह शिराझला शिकते. तीच दोन वर्षांपूर्वी तूबाला एका डॉक्टरणीकडे घेऊन गेली. डॉक्टरणीनं बरंच विचारलं, आणि शेवटी सांगितलं की याला ऑटिझम म्हणतात, हे जन्मापासून आहे, आणि हा आजार नव्हे. तूबा म्हणाली, "म्हणजे याला नाव आहे तर," आणि परतीच्या बसमध्ये पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत खुशीत बसली.

मग पेगाह हाजींना भेटायला आली. पोरगी ताठ. म्हणाली, "हाजी आगा, आत्याला त्या फडफडणाऱ्या ट्यूबलाइटचा त्रास होतो. कामात काही बदल असेल तर आधी सांगा. तिला गिऱ्हाइकांपुढे बसवू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिच्याशी तारूफ करू नका. जे असेल ते सरळ सांगा."

"चश्म!" हाजींनी 'आज्ञा शिरसावंद्य' अशा अर्थी उजवा हात डोळ्यांवर ठेवला. "तुमची आत्या म्हणजे आमच्या डोक्यावरचा मुकुट. तुम्ही सांगावं आणि आम्ही ऐकू नये, असं व्हायचं नाही."

दिवा त्याच दिवशी बदलला. हाजी माणूस वाईट नव्हेच. पण सरळ बोलणं? साठी उलटून गेलेल्या त्या माणसानं जन्मात कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलेलं नव्हतं. देणेकऱ्यालासुद्धा ते "आपण कशाला तसदी घेता" म्हणायचे. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि हाजींच्या घरी ती बहीण माहेरपणाला येऊन कायमची राहिली होती.

आता समोवरचं सांगतो.

हाजींच्या आईचा पितळी समोवर पुढच्या दुकानात, गल्ल्याशेजारी असायचा. आईनं लग्नात आणलेला. त्यातला चहा हाजी मानाच्या गिऱ्हाइकाला स्वतः ओतून द्यायचे. नवरोज तोंडावर आला होता, कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि नेमकी एके दिवशी पुढे बसणारी मुलगी आजारी पडली. हाजींनी तूबाला पुढे बसवलं. "तेवढी आमच्यावर मेहेरबानी करा" म्हणाले. पेगाहनं सांगितलेलं त्यांना आठवलं असेल की नाही, देव जाणे.

शोकूह खानुम आल्या. गावातलं मोठं घराणं, मुलाचा साखरपुडा, मिठाईची मोठी मागणी. हाजींनी चहा ओतला. शोकूह खानुम म्हणाल्या, "वा, काय सुरेख समोवर आहे हो!"

"पेशकश," हाजी म्हणाले. "तुमचाच आहे. घेऊन जा."

"छे छे, तुमच्याकडेच शोभतो."

"तुमच्या घरीच त्याची खरी शोभा. न्याच तुम्ही."

"हाजी आगा, लाजवू नका."

"हजरत अब्बासची शपथ, तुम्ही नेला नाहीत तर मला वाईट वाटेल."

शोकूह खानुम हसल्या, हाजी हसले, मागणी ठरली, त्या गेल्या. हाजी नमाजाला गेले.

तूबानं सगळं ऐकलं होतं. तिसऱ्यांदा म्हणाले, वर शपथ घातली, आणि बाई विसरून गेल्या! तिनं समोवरातलं पाणी ओतून दिलं, राख काढली, तो गार होईपर्यंत थांबली, कागदात गुंडाळला, टॅक्सी केली आणि शोकूह खानुमच्या घरी जाऊन पोचवला.

"हाजी आगांनी दिलाय," ती दारात म्हणाली. "तुम्ही विसरलात."

शोकूह खानुम तरी काय करतील बिचाऱ्या? घरी आलेली भेट परत पाठवायची म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थप्पड. त्यांनी समोवर आत घेतला, आणि संध्याकाळी परतफेड म्हणून आपल्या दिवाणखान्यातला छोटा काशानी गालिचा हाजींकडे धाडून दिला. म्हणजे आता त्यांचा गालिचा गेला होता, हाजींचा समोवर गेला होता, दोघांपैकी एकालाही हे नको होतं, आणि दोघांपैकी एकही तसं म्हणू शकत नव्हता.

नमाजाहून परतल्यावर हाजींनी रिकाम्या चौरंगाकडे पाहिलं. "समोवर कुठाय?"

"पोचवला," तूबा म्हणाली. "त्या विसरल्या होत्या."

हाजींचा चेहरा पांढराफटक पडला. ओठ हलले. मागे उभ्या असलेल्या एस्मतला वाटलं, आता म्हातारा कोसळतो. पण तेवढ्यात त्यांनी स्वतःला सावरलं आणि ते म्हणाले, "शाब्बास. फार छान केलंत."

मला या वाक्याचा अजून संताप येतो. ओरडायचं होतंत ना! भांडं आपटायचं होतंत! आईची वस्तू गेली आणि माणूस म्हणतो शाब्बास. तूबा त्या दिवशी आनंदात घरी गेली आणि तिनं पेगाहला फोन करून सांगितलं की हाजींनी आज आपलं कौतुक केलं.

पुढच्या गुरुवारी हाजींनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं, स्वतः उठून खुर्ची दिली.

"तूबा खानुम, तुम्ही फार थकलात हो. आमच्याकडून तुम्हाला फार त्रास झाला. तुमची तब्येत आमच्या सगळ्या धंद्यापेक्षा मोलाची. आता घरी बसा, आराम करा."

"नवरोजच्या गडबडीत?" तूबानं विचारलं.

"कामाचं काय, ते चालूच राहील. तुम्ही जिवाला जपा."

"किती दिवस?"

"तुमचं मन होईल तितके. हे दुकान तुमचंच आहे. काही उणंदुणं झालं असेल तर माफ करा."

यझ्दमधल्या कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं की हा नारळ आहे. तूबाला कळलं ते असं, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या तरी लक्षात आलं की यंत्राच्या आवाजानं आपण थकतो. तिचे डोळे भरून आले. ती घरी गेली आणि मनसोक्त झोपली. अंगणातल्या डाळिंबाला पाणी घातलं. शुक्रवारी नेहमीप्रमाणे नुस्रत खानुमकडे जाऊन संध्याकाळपर्यंत बसली. आठवडाभरात मन झालं तितकं झालं, आणि शनिवारी ती ताजीतवानी होऊन कामावर आली.

तर अशी ती टेबलापाशी बसलेली. सकाळभर खोकी भरत होती. बाया मान खाली घालून काम करत होत्या. कुणी तरी सांगायला हवं होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं की दुसरीनं सांगावं. हाजी काचेतून बघायचे आणि तिची मान वळली की कागद चाळायचे. मध्येच त्यांनी चहा पाठवला, वर निरोप, "आलात, घर उजळलं."

एस्मतला शेवटी ते बघवेना. जेवणाच्या सुट्टीत तिनं तूबाचा हात धरून तिला पिठाच्या कोठारात नेलं आणि दार लोटलं.

"तूबा, तुला काढून टाकलंय गं."

"कुठून?"

"कामावरून. हाजींनी."

"कधी? मी रजेवर असताना?"

"ती रजा नव्हती, बाई. तेच काढणं होतं."

तूबा भिंतीकडे बघत राहिली. "ते म्हणाले, मी थकले."

"तो तारूफ होता."

"तब्येत धंद्यापेक्षा मोलाची म्हणाले."

"तोही."

"समोवर दिला तेव्हा शाब्बास म्हणाले."

एस्मतनं कपाळाला हात लावला. "अगं, त्यांच्या आईचा समोवर तो! ते चार दिवस नीट जेवले नाहीत."

तूबा हळूच पिठाच्या पोत्यावर बसली. तिचे हात एकमेकांना चोळायला लागले, जोरजोरात, थांबेनात. नोकरी गेल्याचा धक्का होताच. पण एस्मतनं नंतर मला सांगितलं, तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते नोकरीचं नव्हतं. जमीन हलताना माणसं जशी बघतात, तशी ती बघत होती.

"मावशी," तूबा म्हणाली. "मावशीकडे गेले होते मशहदला. ती रोज म्हणायची, अजून राहा, जाऊ नकोस. मी महिनाभर राहिले."

एस्मत बाजूचं पोतं उगाच सरळ करायला लागली.

"तोही?"

"मला काय ठाऊक गं? मी तिथं होते का?"

"नुस्रत खानुम म्हणते, दार उघडंच आहे, केव्हाही या. मी दर शुक्रवारी जाते. आई गेल्यापासून. एकही शुक्रवार चुकवला नाही मी." तिचा आवाज वर वर चढत होता. "तिला मी नको असते? ती मनात वाट बघत असते, मी कधी एकदाची उठून जाईन? मी उठते तेव्हा ती म्हणते, इतक्यात निघालात? म्हणून मी परत बसते! एस्मत, मी परत बसते!"

इतकी वर्षं एस्मतनं या बाईची थट्टा केली, लाड केले, पण एका माणसाचं सबंध आयुष्य असल्या वाक्यांवर उभं असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आपण सगळे हे खोटे पैसे हसत हसत वाटत होतो आणि ही एकटी ते साठवून ठेवत होती.

"आणि तू?" तूबानं विचारलं. "तू म्हणतेस, माझ्यावरून जीव ओवाळून टाकतेस."

तोंडाशी आलं होतं, "तुझ्या जिवाची शपथ, खरंच गं!" पण एस्मत थांबली. पिठानं माखलेल्या हातानंच तिनं डोळे पुसले.

"जीव नाही टाकणार," ती म्हणाली. "मला तीन मुलं आहेत. कधीकधी तुझा वैताग येतो मला. तेच तेच विचारतेस तेव्हा तर फार येतो. पण हा आठवडा तुझ्या टेबलावर पोती बघून मला जेवण गोड लागलं नाही. हे खरं आहे."

तूबानं मान हलवली. मग ती उठली आणि दार उघडून सरळ चालायला लागली.

दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. तूबा त्यांच्यामधून वाट काढत काचेच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. दार उघडं, आवाज मोठा.

"हाजी आगा, तुम्ही मला कामावरून काढलंत का? हो की नाही?"

एका बाईंच्या हातातला कोत्ताब तोंडापर्यंत जाऊन तसाच राहिला.

"तूबा खानुम! या, या, बसा. अरे, चहा आणा—"

"चहा नको. हो की नाही?"

"असं काय बोलता? तुमची जागा आमच्या डोळ्यांवर—"

"डोळ्यांवर नको. टेबलापाशी आहे की नाही?"

हाजींनी आजूबाजूला पाहिलं, की कुणीतरी मध्ये पडेल, विषय बदलेल, आपल्याकडे नेहमी कुणीतरी पडतंच. कुणी पडलं नाही. उलट मागून एस्मतचा आवाज आला, "बोला ना एकदाचं, हाजी! तुमच्या पाया पडते, पण बोला!"

"हो," हाजी म्हणाले. स्वतःचा शब्द ऐकून तेच दचकले. "काढलं."

"का?"

"समोवर."

"तो द्यायचा नव्हता?"

"नव्हता."

"मग शपथ का घेतलीत?"

"तशी... रीत असते."

"मला रीत कळत नाही. ते पेगाहनं तुम्हाला सांगितलं होतं. सरळ बोला म्हणाली होती. तुम्ही डोळ्यांवर हात ठेवून चश्म म्हणालात." तूबा थांबली. एक नवीनच गोष्ट तिच्या ध्यानात येत होती. "तोही तारूफच होता?"

एवढा वेळ हाजी शरमले होते ते लोकांसमोर शोभा झाली म्हणून. आता मात्र त्यांना खरोखर धक्का बसला. तारूफ करू नका अशी विनंती एका पोरीनं स्पष्ट शब्दांत केली होती, आणि आपण तिला उत्तर म्हणून तारूफच दिला. तेव्हा ते आपल्या लक्षातसुद्धा आलं नाही. आणि मग या बाईला आपण ज्या भाषेत काढून टाकलं, ती तिला येत नाही हे ठाऊक असूनच काढलं. तिनं काही विचारू नये म्हणून.

"तोही," ते अगदी हळू म्हणाले.

तूबानं एप्रनची गाठ सोडली. एप्रनची नीट घडी घातली, ती हाजींच्या टेबलावर ठेवली आणि वळली.

"थांबा," हाजी उठले. "तूबा खानुम, जाऊ नका. राहा. चूक माझी झाली. राहा तुम्ही."

"हे आता कसलं आहे?" तूबानं विचारलं. "खरं की तसलं?"

"खरं! हजरत अब्बासची शप—"

"ती समोवरच्या वेळीही घेतली होती."

कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. हाजी दोन पावलं पुढे आले. "मग तुम्हाला मी कसं सांगू? माझ्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवून..."

"मला आता कुणाचंच खरं वाटत नाही," तूबा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. रडूही नव्हतं. "मला वाटायचं की लोक मला बोलावतात. आता मला काही कळत नाही. मी घरी जाते."

ती निघाली. गिऱ्हाइकांनी बाजूला होऊन वाट दिली. हाजी तिच्या पाठीकडे बघत उभे राहिले. आयुष्यभर कमावलेले सगळे गोड शब्द त्यांच्याजवळ होते, आणि त्यांतला एकही चालत नव्हता.

"तू हळू आहेस!" हाजी ओरडले.

तूबा थांबली. हाजी नस्रुल्लांचा चढलेला आवाज त्या पेठेत कुणी कधी ऐकला नव्हता.

"बाकीच्या दोन खोकी भरतात तेव्हा तुझं एक होतं! तुझा आवाज भोंग्यासारखा आहे, माझं डोकं उठतं! गेल्या ईदला तू माझ्या व्याह्यांसमोर म्हणालीस की माझे दात खोटे आहेत. गिऱ्हाइकांसमोर तू मला नकोस, कधीच नकोस, तुला तिथं बसवलं हा माझा गाढवपणा! आणि समोवरचा मला राग आहे. अजून आहे. मरेपर्यंत राहील. माझ्या आईचा होता तो!" त्यांना धाप लागली. डोळ्यांतून पाणी दाढीत उतरत होतं. "पण तुझ्या टेबलापाशी दुसरं कुणी मला नको. कामाला ये."

मिठाई घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं "या अल्लाह!" म्हणून खालीच बसकण मारली. एस्मतनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. चारचौघांत, एका बाईमाणसाला, हाजींनी!

तूबा अजून पाठमोरीच होती. मान किंचित तिरकी, नजर समोरच्या भिंतीवर. ती प्रत्येक वाक्य पुन्हा एकदा मनात ऐकत असावी.

"हे खरं आहे," ती शेवटी म्हणाली.

ती परत आली. हाजींच्या टेबलावरून एप्रन उचलला, घडी उलगडली आणि बांधला.

"बोलण्यात सुट्टी संपून वर वेळ गेला," ती म्हणाली. "तेवढा वेळ संध्याकाळी थांबून भरून काढू का?"

"अहो, काय हे, तुमचा वेळ म्हणजे..." हाजींच्या ओठांपर्यंत आलं होतं. सगळं दुकान बघत होतं. हाजींनी ते गिळलं.

"हो," ते म्हणाले.